इतवारी बाजारातल्या जडीबुटीच्या पुडीवर नाव कधी लागणार?

प्रति,
मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

विषय : सुट्या विकल्या जाणाऱ्या औषधी वनस्पतींवर नाव व सावधानतेची सूचना सक्तीची करण्याबाबत

महोदय,

मी नागपुरात वनस्पतीशास्त्र शिकवून निवृत्त झालो. जडीबुटीवर माझा अविश्वास नाही. खोकल्यावर दिले जाणारे ब्रोमहेक्सिन हे अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच घडवले गेले, हे मी वर्गात अनेकदा सांगितले आहे. पण ज्या पाल्यात गुण आहे, त्यात अपाय करण्याचीही ताकद असते, आणि आपल्या बाजारात नेमके हेच विसरले जाते.

मागच्या पावसाळ्यात शेजारच्या वहिनींनी रक्तातल्या साखरेवर काढा करायचा म्हणून बाजारातून ‘गुळवेल’ आणली आणि मला दाखवली. कांडी राखाडी होती, तिच्यावर बारीक फोडांसारख्या गाठी होत्या, आणि मोडल्यावर पांढरा चीक आला. खऱ्या गुळवेलीचे खोड हिरवट असते. त्यावर असे फोड नसतात आणि चीकही येत नाही. ही तिची चुलत बहीण, टिनोस्पोरा क्रिस्पा, असणार. गुळवेलीमुळे यकृताला इजा होत असल्याची चर्चा झाली, तेव्हा केंद्रीय आयुष मंत्रालयाने या दोन वेलींतला फरक जाहीरपणे समजावून सांगितला होता. विकणाऱ्या बाईंना मी दोष देत नाही. त्यांनाही ती कोणीतरी गुळवेल म्हणूनच दिली होती.

अशोकाच्या सालीचेही तेच. स्त्रियांच्या विकारांवर जी साल देतात ती सीता-अशोकाची. आपल्या कॉलन्यांत कुंपणालगत उभा असलेला उंच, निमुळता ‘अशोक’ हे वेगळेच झाड आहे, पण पुडीत बांधल्यावर दोन्ही साली सारख्याच तपकिरी दिसतात.

बिब्ब्याची गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण शोधन, म्हणजे आयुर्वेदातली शुद्धीची प्रक्रिया, न केलेल्या बिब्ब्याचे तेल अंगाला लागले तर कातडी भाजल्यासारखी होते. औषधे नियम, १९४५ यांच्या अनुसूची ई-१ मध्ये, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, बिब्बा, बचनाग, कुचला, धोतरा, गुंज यांचा समावेश आहे, आणि ती पोटात घेण्याच्या तयार औषधात असली तर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना बाटलीवर छापावी लागते. तोच बिब्बा इतवारीत वर्तमानपत्राच्या कागदात बांधून मिळतो, तेव्हा मात्र त्यावर एक अक्षरही नसते. म्हणजे तयार औषध घेणारा सावध होतो आणि कच्चा माल नेणारा, ज्याला सूचनेची गरज खरे तर जास्त, तो अंधारातच राहतो.

माझी मागणी मोठी नाही. सुट्या मालाच्या पुडीवर वनस्पतीचे मराठी व शास्त्रीय नाव, कोणता भाग, माल कुठून आला आणि ई-१ मधील असल्यास ठळक इशारा, एवढे लिहिणे सक्तीचे करावे. दुकानदारांना ओळख शिकवण्यासाठी शहरातल्या महाविद्यालयांतील जाणकारांची मदत घ्यावी. वेळ द्यायला माझ्यासारखे निवृत्त लोक तयार आहेत. छापे टाकून फुटपाथवरच्या बायांचे टोपले उचलू नये, ही वेगळी विनंती.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात याल, तेव्हा विधानभवनातून अर्धा तास काढून इतवारीत यावे. वहिनींनी जपून ठेवलेली ती वाळलेली कांडी मी सोबत आणीन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, नागपूर