पायाकडच्या स्टेंटचं पुढं काय होतं तेही छापा

संपादक साहेब, स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत हार्टच्या स्टेंटवर (नस उघडी ठेवणारी जाळीची नळी) सारखं काही ना काही असतं, पण पायाकडं जाणाऱ्या नसेतल्या स्टेंटवर एक ओळ वाचल्याचं आठवत नाही म्हणून लिहितोय.

मी एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालोय, बिडी तीस वर्षं. २०१५ पासून स्टँडवरून मंडईला चालत निघालो की डावा कुल्ला आणि मांडी अशी भरून यायची की भांड्याच्या दुकानापुढं थांबायलाच लागायचं, दुकानदाराला वाटायचं गिऱ्हाईक आलं. दोन मिनिटं उभं राहिलं की गायब. सगळे म्हणाले मणक्यात नस दबलीय, मग दीड वर्ष कमरेला पट्टा, शेक, ट्रॅक्शन. शेवटी एका तरुण डॉक्टरनं जांघेत बोटं ठेवली, उजवीकडं ठोका लागतोय, डावीकडं लागतच नाही, मग बीपीचा पट्टा घोट्याच्या वर बांधून प्रेशर बघितलं तर हातापेक्षा जवळजवळ निम्मं. ओटीपोटातल्या इलियाक धमनीत ब्लॉकेज. जांघेतून तार घालून स्टेंट टाकला, दुसऱ्या दिवशी घरी आणि आठवड्यात मंडई एका दमात! (२०१७ ला सरकारनं किमतीला चाप लावला तो हार्टच्या स्टेंटला, माझ्या बिलात काय तो दिसला नाही.)

मला वाटलं झालो बरा. डिस्चार्ज कार्डावर फॉलोअप ७ दिवसांनी एवढंच, पाच वर्षांनी काय हे कुणी बोललं नाही आणि मीपण विचारलं नाही. कोलेस्टेरॉलची गोळी माझी मीच बंद केली, बिडी चोरून चालूच. २०२२ ला परत भांड्याचं दुकान. डॉपलर (नसेतून रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी) केला तर स्टेंटच्या आतच मांस वाढून वाट बारीक झालेली, मग आत फुगा फुगवून वाट परत मोठी केली.

पुतण्या मेडिकलला आहे त्यानं तेव्हा अभ्यास काढून दाखवले. ऑस्ट्रेलियात साधा स्टेंट आणि कापडाचं अस्तर असलेला स्टेंट अशी तुलना झाली, पाच वर्षांनी अस्तराचे शंभरात ७५ च्या आसपास नीट राहिले, साधे ६३. म्हणजे माझं काही जगावेगळं झालं नव्हतं. नेदरलँड्समधे २७९ पेशंट, निम्म्यांना सरसकट स्टेंट, बाकीच्यांना आधी फुगा आणि गरज पडली तरच स्टेंट, पाच-आठ वर्षांनी नस उघडी राहण्यात फरक नाही. अमेरिकेत २०१२ ला तर देखरेखीखाली चालायला लावलेले लोक सहा महिन्यांनी स्टेंटवाल्यांपेक्षा जास्त वेळ चालले, अर्थात स्टेंटवाल्यांना स्वतःला बरं जास्त वाटत होतं, तेही खरंय. आणि पायाच्या नसा बुजायच्या या आजाराचे पेशंट जास्त करून पायानं नाही, हार्ट अटॅक नाहीतर लकव्यानं जातात, ती बंद केलेली गोळी त्यासाठी होती! हे मला ऑपरेशनच्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर?

तेव्हा एक पान यावर द्या साहेब. कमरेला पट्टा बांधायच्या आधी जांघेतला ठोका बघा, डिस्चार्ज कार्डावर वर्षातून एकदा डॉपलर असं लिहा, एवढं डॉक्टर लोकांना तुमच्यातर्फे जाऊदे.

बिडी सुटलीय. आता उजवा पाय कुरकुरायला लागलाय, रोज पाऊण तास चालतो, दुखलं की थांबतो, परत चालतो. भांडेवाला अजून विचारतो, काका कुकर बघू का.

आपला,
एक जुना वाचक, सातारा