तेराव्यानंतर कुणी नाव काढत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आई जाऊन वीस महिने झाले. माहुलीला अग्नी दिला, तिसऱ्या दिवशी सावडलं, रक्षा कृष्णा-वेण्णेच्या संगमात सोडली. घरात चूल पेटत नव्हती तेव्हा गल्लीतून कडू घास आला, पिठलं-भाकरी. येणारा प्रत्येक जण आईचं काही ना काही सांगायचा. मग तेरावं झालं आणि तिचं नावच बंद झालं. रस्त्यात भेटणारे पावसापाण्याचं बोलू लागले. 'विषय नको काढायला, त्यांना त्रास होईल,' असं एक जण माझ्या पत्नीला हळूच म्हणाले. त्यांची माया कळते. पण आई माझ्या डोक्यातून गेलेलीच नसते, मग विषय न काढून काय वाचतं?

आषाढात शेजारच्या काकू वाटीभर घेवड्याची आमटी घेऊन आल्या. "वहिनींनी शिकवली होती मला, कोरेगावकडची," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी मी सहा महिन्यांत पहिल्यांदा मोकळा रडलो. रात्री झोपही लागली.

संगम माहुलीला १७४९ साली निवर्तलेल्या थोरल्या शाहू महाराजांची समाधी आहे. त्यांच्या लाडक्या कुत्र्याचीही तिथेच आहे. मुक्या जिवासाठी राजालाही दगड उभा करावासा वाटला, हे रक्षा सोडून परतताना मनात आलं. आपल्यासारख्यांच्या माणसांसाठी कुठला दगड? त्यांच्याबद्दल कुणी बोललं तरच ती उरतात.

परवा आईचा पहिला म्हाळ घातला. कावळा शिवला, पानं वाढली. दरवर्षी जेवून, हात धुऊन मंडळी निघतात. या वेळी मी सगळ्यांना बसवून घेतलं आणि म्हटलं, आईचं काहीतरी सांगा. आधी कुणी बोलेना. मग चुलत्यांनी सांगितलं, की नवी नवरी असताना आई राजवाड्यासमोर सायकल शिकताना पडली, आणि उठल्या उठल्या आधी वडिलांचा पडलेला चष्मा शोधायला लागली. गुडघ्यातून रक्त येत होतं. हे मला या वयात पहिल्यांदा कळलं! माझ्या सात वर्षांच्या भाच्यानं ते तीनदा सांगायला लावलं. वडील खाली बघत हसत होते. आई गेल्यापासून त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं.

आपल्या पेपरात पुण्यस्मरणाच्या जाहिराती रोज येतात. फोटो, तारीख, शोकाकुल परिवार. माणूस कसा होता ते त्यात कुठेच नसतं. निदान पितृपंधरवड्यात एखादा कोपरा वाचकांच्या अशा चार-चार ओळींच्या आठवणींसाठी, पैसे न घेता, द्यावा अशी कळकळीची विनंती आहे. जाहिरात परवडत नाही अशा घरांतही माणसं जातात.

सायकलची आठवण वडिलांच्या नावानं छापलीत तर ते कात्रण कापून ठेवतील.

आपला,
एक वाचक, सातारा