घटनेशेजारी वयही हवे

सामान्य माणसाच्या आयुष्याची इतिहासाशी सांगड घालणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला. कल्पना चांगली, पण सोबतच्या तक्त्यात जन्म-मृत्यूच्या सालांमधल्या घटना सरसकट कोंबल्या आहेत. प्रत्येक घटनेसमोर त्या व्यक्तीचे वय लिहिल्याशिवाय अशा तक्त्याला अर्थ नाही. १९०० साली जन्मलेला माणूस १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा जेमतेम १४ वर्षांचा, म्हणजे लष्करभरतीच्या वयाखालचा. १८९५ चा असेल तर ऐन भरतीत सापडणारा. पाच वर्षांत सगळे चित्र पालटते! १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने तर २० ते ४० वयाची धडधाकट माणसेही मोठ्या संख्येने नेली. त्यामुळे तिथे वयाचा रकाना सोडून चालतच नाही.

नुसती सालांची वजाबाकीही पुरत नाही. वाढदिवस घटनेनंतर येत असेल तर एक वर्ष कमी धरावे. तारखा कोणत्या कॅलेंडरच्या आहेत हेही पाहावे: रशियातील १९१७ ची ‘ऑक्टोबर क्रांती’ जुन्या कॅलेंडरप्रमाणे २५ ऑक्टोबरची, नव्याप्रमाणे ७ नोव्हेंबरची. चार-पाच वर्षांपर्यंतच्या वयातील घटना ‘पाहिल्या’ या रकान्यात न टाकता ‘घरावर परिणाम’ असा वेगळा रकाना करावा.

– एक वाचक