किल्ली बंद, इंजिन चालूच: दोन सोलेनॉइड बदलूनही न गेलेल्या दोषाबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
ट्रक उत्पादक कंपनी

विषय: किल्ली बंद केल्यावर इंजिन बंद न होणे, चुकीचे निदान, अनावश्यक सुटे भाग आणि चालकाला दिलेला धोकादायक सल्ला

महोदय,

आमच्या मालवाहू ट्रकची किल्ली बंद केली तरी इंजिन आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीच्या मंद वेगावर, चालूच राहते. गाडी २४ व्होल्टची, इनलाइन पंपाची आहे. आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने पहिल्या खेपेला इंजिन बंद करणारा सोलेनॉइड (विजेवर लिव्हर ओढणारे विद्युतचुंबक) बदलला. दुसऱ्या खेपेला त्याला पंपाच्या लिव्हरशी जोडणारा रॉड 'सेट' केला. तिसऱ्या खेपेला तो नवा सोलेनॉइड जळाला म्हणून आणखी एक बसवला. दोष मात्र जिथल्या तिथे आहे. सोलेनॉइडमध्ये बिघाड नव्हताच, आणि एक वायर काढून पाहिली असती तर हे दहा मिनिटांत कळले असते.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, त्यामुळे किल्ली बंद करणे म्हणजे पंपाचे डिझेल तोडणे. या पंपावर ते काम सोलेनॉइड उलट्या पद्धतीने करतो. वीज असेपर्यंत तो स्टॉप लिव्हर 'चालू' बाजूला धरून ठेवतो, आणि वीज गेली की स्प्रिंग लिव्हर मागे ओढते. म्हणून इंजिन बंद होत नसेल तर पहिला प्रश्न एकच: स्प्रिंगला लिव्हर ओढता येत नाही, की सोलेनॉइडची वीजच तुटत नाही?

आमच्या वर्कशॉपमध्ये इंजिन आयडलवर ठेवून सोलेनॉइडचा कनेक्टर हाताने काढला. इंजिन लगेच बंद पडले. म्हणजे स्प्रिंग, रॉड, लिव्हर आणि पंपाचा रॅक (डिझेलचे प्रमाण ठरवणारी पट्टी) सगळे मोकळे आहेत. मग कनेक्टर परत लावून इंजिन सुरू केले, किल्ली बंद केली आणि त्याच वायरवर मीटर धरला. २२ व्होल्ट. डॅशबोर्डवरचे दिवेही मंद पेटलेले होते. लिव्हर हाताने दाबून इंजिन थांबवताच मीटर शून्यावर आला. इग्निशन स्विचचा किंवा रिलेचा कॉन्टॅक्ट चिकटला असता तर बॅटरीची वीज इंजिन थांबल्यावरही त्या वायरवर राहिली असती. इंजिन फिरते तोवरच वीज येते, याचा अर्थ ती इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरकडून येते. खात्रीसाठी तोच प्रयोग पुन्हा केला आणि किल्ली बंद असताना अल्टरनेटरच्या डी प्लस टर्मिनलची, म्हणजे चार्जिंगच्या दिव्याकडे जाणारी, वायर काढली. इंजिन त्याच क्षणी थांबले.

ती वीज उलटी कुठून शिरते तेही सापडले. डॅशबोर्डमागच्या लूममध्ये (वायरींच्या जुडग्यात) काळी टेप सोडवल्यावर डी प्लसची वायर आणि इग्निशनची वायर नुसत्या पीळ देऊन जोडलेल्या दिसल्या, सोल्डर नाही, कनेक्टर नाही. मूळ वायरिंगमध्ये या दोघींच्या मध्ये चार्जिंगचा दिवा आणि डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो. दोन्ही वगळले आहेत. म्हणूनच किल्ली फिरवल्यावर चार्जिंगचा दिवा आता लागतच नाही. निव्वळ तेवढे पाहिले असते तरी धागा हाती आला असता. हे काम तीन महिन्यांपूर्वी अल्टरनेटर बदलताना आपल्याच केंद्रात झाले, आणि दोष त्याच दिवसापासून आहे.

नवा सोलेनॉइड जळण्याचे कारणही केंद्रातच घडले. या सोलेनॉइडमध्ये ओढणारी आणि धरून ठेवणारी अशा दोन कॉइल असतात. ओढणारी कॉइल मोठा करंट घेते आणि फक्त क्षणभरासाठी असते. प्लंजर (आत सरकणारा दांडा) तळाला पूर्ण टेकला की आतला कॉन्टॅक्ट तिला तोडतो. रॉड चुकीच्या लांबीला बांधल्यामुळे लिव्हर आपल्या स्टॉपरला आधी टेकत होता आणि प्लंजर थोडा बाहेरच राहत होता. कॉन्टॅक्ट तुटला नाही, कॉइल भाजली. धरून ठेवणाऱ्या कॉइलला मात्र फार थोडा करंट पुरतो, म्हणूनच उलटी आलेली वीजही इंजिन चालू ठेवते.

तिसऱ्या जॉब कार्डवर 'टर्बोतून ऑईल जाते, इंजिन ऑईलवर चालते' असा शेरा आहे, म्हणजे डिझेलऐवजी गळणारे ऑईल जाळून. तसे असते तर कनेक्टर काढून इंजिन थांबलेच नसते. ऑईलवर धावणारे इंजिन आयडलवर शांत बसत नाही. त्याचे आरपीएम चढत जातात आणि निळसर पांढऱ्या धुराचा लोट येतो. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा खालचा होज उघडला, आत ऑईलचा फक्त पातळ थर होता. डिपस्टिकवर पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे आणि वाढलेली नाही. या शेऱ्यावरून टर्बो बदलण्याचे अंदाजपत्रक दिले गेले, ते आम्हाला मान्य नाही.

सर्वांत गंभीर बाब पुढची. चालकाला तोंडी सांगितले गेले की इंजिन थांबवायला बॅटरीचा मेन स्विच बंद करा, नाहीतर गिअर टाकून क्लच सोडा. मेन स्विच तोडल्याने हे इंजिन थांबत नाही, कारण अल्टरनेटर स्वतःच वीज पुरवत असतो. उलट चालू अल्टरनेटरपासून बॅटरी तोडली की व्होल्टेज एकदम उसळते आणि त्याचे डायोड, रेग्युलेटर, गाडीतली इलेक्ट्रॉनिक उपकरणे जाऊ शकतात. चालकाने हे अनेकदा केले आहे. गिअरमध्ये इंजिन गुदमरवणे हा इंजिन बेफाम सुटल्यावरचा शेवटचा उपाय आहे, तोही वरचा गिअर टाकून, ब्रेक पूर्ण दाबून आणि समोर कोणी नसताना. तेव्हाही हवेचे तोंड सपाट फळीने बंद करणे अधिक चांगले. हात किंवा कापड तिथे कधीच नेऊ नये. रोज गाडी उभी करताना हे करायला सांगणे म्हणजे क्लच, इंजिन माउंटिंग आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस यांना रोज झटका देणे, आणि पुढे कोणी उभे असेल तर त्याचा जीव धोक्यात घालणे.

आमच्या मागण्या अशा. लूम मूळ स्थितीत आणावी: चार्जिंगचा दिवा आणि त्याच्याशी सिरीजमध्ये डायोड, डायोडवरच्या पट्टीची बाजू अल्टरनेटरकडे, जोड सोल्डर करून स्लीव्ह चढवलेला. रॉडची लांबी प्लंजर पूर्ण टेकेल अशी बांधून द्यावी. दोन्ही सोलेनॉइडची किंमत आणि तिन्ही खेपांची मजुरी परत करावी. मेन स्विच तोडल्याने अल्टरनेटरला इजा झाली आहे का, हे चार्जिंग व्होल्टेज आणि डायोड तपासून लेखी कळवावे. दीड हजार आरपीएमला व्होल्टेज २८ च्या आसपास स्थिर हवे. 'ऑईलवर चालते' हा शेरा आमच्या गाडीच्या नोंदीतून काढावा.

तोपर्यंत गाडी उभी आहे. डी प्लसची वायर आम्ही काढून तिचे टोक झाकले आहे आणि पीळ दिलेला जोड जसाच्या तसा ठेवला आहे. आपल्या अभियंत्याने तो स्वतः पाहावा आणि कनेक्टर काढण्याची तपासणी आमच्यासमोर करावी. सात दिवसांत वेळ कळवावी.

आपले,
वर्कशॉप विभाग
(ट्रकच्या मालकांच्या वतीने)