वडकीजवळ मदतीला धावलेल्यांचे मनापासून आभार

मागच्या आठवड्यात कापूस घेऊन हिंगणघाटला निघालो होतो. वडकीच्या अलीकडे खटकन आवाज झाला अन् चालती पिकअप बंद पडली. मी पुन्हा सेल्फ मारणार, तेवढ्यात ट्रॅक्टरवरचे एक काका ओरडले, "भाऊ, सेल्फ नको मारू! टायमिंग बेल्ट गेला असन, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतीन." टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह अन् पिस्टन एका तालात ठेवणारा दातेरी पट्टा. त्या एका हाकेनं माझं पुढचं मोठं नुकसान टळलं. त्यांनीच दोर बांधून गाडी टोचन केली. दोन पोरांनी सारा कापूस दुसऱ्या गाडीत भरून दिला आणि चहाही न घेता गेले.

गॅरेजवर कव्हर काढलं, तर बेल्टचे दात पार झडलेले. इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवलं तेव्हा दोन व्हॉल्व्ह वाकलेले निघाले. मिस्त्रीभाऊंनी ते बदलले, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनरही नवा टाकला. बेल्ट बसवायच्या टायमिंगच्या खुणा जुळवल्यावर पान्यानं क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) दोन पूर्ण फेरे हातानं फिरवली, खुणा परत तपासल्या, मगच चावी मला दिली. एवढ्या जुन्या गाडीसाठी इतका जीव कोण लावतो? त्यांच्या घरच्या वहिनींनी दोन्ही दिवस मला झुणका-भाकर वाढली.

काका, पोरांनो, मिस्त्रीभाऊ, वहिनी, गडबडीत तुमची नावंही विचारली नाहीत. वेचणी आटोपली की भेटायला येतो.