कोणता टेक, कोणती प्रत?

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जॅझच्या आवडत्या ध्वनिमुद्रिकांवरून आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात चांगलीच जुंपली आहे. एका वाचकाला ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' संथ आणि गंभीर वाटते, तर दुसऱ्याला तिची पहिली बाजू किंचित घाईची आणि टोकदार. दोघांनी एकमेकांचे कान काढले आहेत. पण ही माणसे दोन वेगळ्या गोष्टी ऐकत असण्याची दाट शक्यता आहे, आणि तसे असेल तर दोघेही खरेच बोलत आहेत.

ही रेकॉर्ड १९५९ साली न्यूयॉर्कच्या ३० व्या रस्त्यावरच्या कोलंबिया स्टुडिओत दोन बैठकांत झाली, २ मार्च आणि २२ एप्रिलला. मार्चच्या बैठकीत मुख्य टेपयंत्र किंचित मंद चालत होते. मंद यंत्रावर भरलेली टेप अचूक वेगाच्या यंत्रावर लावली की वाजते जलद आणि पट्टीही चढते. त्यामुळे 'सो व्हॉट', 'फ्रेडी फ्रीलोडर' आणि 'ब्लू इन ग्रीन' या पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना वर्षानुवर्षे चढ्या पट्टीत विकल्या गेल्या. एप्रिलमध्ये झालेली दुसरी बाजू मात्र बरोबर. सुदैवाने मार्चच्या बैठकीत शेजारी आणखी एक यंत्र चालू होते. त्याचा वेग ठीक होता, आणि १९९२ च्या आवृत्तीत पहिल्या बाजूसाठी त्या यंत्रावरची टेप वापरली गेली.

आपल्याकडची प्रत कोणती, हे घरबसल्या कळते. 'सो व्हॉट'चा षड्ज पेटीच्या भाषेत पांढरी दोन. ३२ बारच्या (बार म्हणजे चार मात्रांचा गट) आवर्तनात पहिले १६ बार पांढरी दोन, पुढचे आठ काळी दोन, शेवटचे आठ पुन्हा पांढरी दोन. बास (खर्जाचे मोठे तंतुवाद्य) सवाल टाकतो आणि बाकीचे दोन सुरांत जवाब देतात, तिथे फोनमधला ट्यूनर लावावा. चढी प्रत पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये कुठेतरी लटकते. पेटीवर भरवसा ठेवू नये, आपल्याकडच्या पुष्कळ पेट्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला लावलेल्या नसतात.

त्याआधी आपला टर्नटेबल निर्दोष आहे ना, हे पाहावे. स्ट्रोबची, म्हणजे वेग तपासण्यासाठी रेघा छापलेली, कागदी चकती रेकॉर्डवर ठेवायची. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांसाठी १८० रेघांची आणि ७८ साठी ७७ रेघांची चकती लागते. परदेशातून मागवलेली ६० हर्ट्झची चकती इथे चुकीचेच सांगणार. रेघा स्थिर दिसल्या तर वेग बरोबर, पुढे सरकताना दिसल्या तर जास्त, मागे सरकल्या तर कमी. उजेड विजेच्या लयीत लुकलुकणाऱ्या जुन्या पिवळ्या बल्बचा किंवा चोकवाल्या ट्यूबलाइटचा हवा, बऱ्याच एलईडी दिव्यांत ही लुकलुक नसतेच. ही तपासणी न करता कोणी 'माझी प्रत चढी आहे' असे म्हटले, तर ते ऐकून घेण्याचे कारण नाही.

बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टनच्या न्यूपोर्ट महोत्सवातल्या रेकॉर्डवरून झालेला वाद तर याहून गमतीचा आहे. ७ जुलै १९५६ च्या रात्री 'डिमिन्युएंडो अँड क्रेशेंडो इन ब्लू'च्या दोन भागांमध्ये पॉल गोंसाल्विसने टेनर सॅक्सोफोनवर ब्लूजची २७ आवर्तने सलग वाजवली. (आडनावावरून आपल्याकडे त्याला कोणी गोव्याचा समजेल, पण त्याचे घराणे केप व्हर्दचे.) एक आवर्तन १२ बारचे, बारला चार मात्रा, म्हणजे ४८ मात्रा. अशी २७. ती करताना तो उभा राहिला चुकीच्या मायक्रोफोनसमोर. तो माइक होता 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या रेडिओचा, रेकॉर्ड काढणाऱ्या कोलंबियाचा नव्हे. म्हणून जुन्या एलपीवर हा सोलो मांडवाच्या मागून आल्यासारखा वाटतो. शिवाय ९ जुलैला बँडने स्टुडिओत बराचसा कार्यक्रम पुन्हा वाजवला, त्यावर टाळ्या चिकटवल्या आणि 'न्यूपोर्टची मैफल' म्हणून रेकॉर्ड बाजारात आली. पुढे १९९६ मध्ये 'व्हॉइस ऑफ अमेरिका'ची टेप अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली. तिच्यातला आवाज एका बाजूला आणि कोलंबियाचा दुसऱ्या बाजूला ठेवून १९९९ साली दोन सीडींचा संच निघाला. दोन मोनो (एकाच वाहिनीची) मुद्रणे जुळवून केलेला हा स्टिरिओ (डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांचा) कसा झाला, यावर मतभेद जरूर व्हावेत. पण 'गोंसाल्विसचा आवाजच दुबळा' असे ज्यांनी लिहिले त्यांनी आधी आपल्या प्रतीचे साल पाहावे. तो दुबळेपणा माइकच्या अंतराचा आहे.

१५ मे १९५३ च्या टोरांटोतल्या मॅसी हॉलच्या मैफलीचे तेच. चार्ली पार्कर (सॅक्सोफोन), डिझी गिलेस्पी (ट्रंपेट), बड पॉवेल (पियानो), चार्ल्स मिंगस (बास) आणि मॅक्स रोच (ड्रम) एका रंगमंचावर. मूळ टेपवर बास पुसट आला होता, तेव्हा मिंगसने नंतर स्टुडिओत तो वरून भरला आणि रेकॉर्ड आपल्या डेब्यू कंपनीतर्फे काढली. ही भर न घातलेली मूळ प्रतही पुढे प्रसिद्ध झाली. 'मिंगस सगळ्यांच्या डोक्यावर बसतो' हा आक्षेप पहिल्या प्रतीला लागू आहे, दुसऱ्या प्रतीला तो लावताच येत नाही. वेष्टनावर चार्ली चॅन हे नाव दिसले तर गोंधळू नये. तो पार्करच, दुसऱ्या कंपनीशी असलेल्या करारामुळे त्याचे नाव छापता येत नव्हते.

आता टेकचा, म्हणजे एकाच रचनेच्या वेगवेगळ्या मुद्रणांचा प्रश्न, आणि खरा कस इथेच लागतो. ख्याल ऐकणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. राग तोच, बंदिश तीच, पण कालचे गाणे आजचे नसते. चार्ली पार्करने २८ ऑक्टोबर १९४७ ला डायल कंपनीसाठी 'एम्ब्रेसेबल यू' दोनदा वाजवले. दोन्ही टेक उपलब्ध आहेत आणि दोन्हींत सोलो पूर्णपणे वेगळा. पहिल्या टेकमध्ये तो मूळ चालीला जवळजवळ हातच लावत नाही. सहा सुरांची एक छोटी फ्रेज घेऊन तीच उलटसुलट करत बढत करतो. 'पार्करचे एम्ब्रेसेबल यू मला आवडते' या वाक्याला म्हणून काही अर्थ राहत नाही. 'टेक ए' म्हणा, मग बोलू. माझे मत विचाराल तर ए. बी टेक जास्त गोड आहे आणि गोडव्याला बळी पडणे सोपे असते.

'को-को'वरची भांडणे वेगळ्या जातीची. २६ नोव्हेंबर १९४५, सॅव्हॉय कंपनी. ही रचना 'चेरोकी' या गाण्याच्या स्वरसंगतीवर बेतलेली. पहिल्या प्रयत्नात सुरुवातीनंतर मंडळी 'चेरोकी'ची मूळ चाल वाजवू लागतात आणि थांबवली जातात. दुसऱ्यात चालच गाळून पार्कर थेट सोलोत शिरतो. पियानोवर कोण, यावर अजून घमासान चालते. डिझी गिलेस्पी त्या दिवशी ट्रंपेट आणि पियानो दोन्ही सांभाळत होता, आणि पियानोवादक आर्गोन थॉर्नटनही स्टुडिओत होता. आपल्याकडच्या जुन्या गायिका रेकॉर्डच्या शेवटी आपले नाव सांगून टाकत. जॅझवाल्यांनी ती सोय ठेवली नाही. अशा वादात मत द्यायचे तर कोणत्या सेकंदाला ट्रंपेट थांबतो आणि पियानो सुरू होतो, तो अवधी एका माणसाला जागा बदलायला पुरेल का, हे घड्याळ लावून लिहावे. नुसता 'स्पर्श डिझीचाच वाटतो' हा पुरावा नव्हे.

पियानोवादक बिल इव्हान्सच्या, न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबातल्या दोन रेकॉर्डपैकी सरस कोणती, हे एका पत्राचे शीर्षकच होते. दोन्ही एकाच दिवसाच्या आहेत, २५ जून १९६१. त्या रविवारी पाच बैठकी झाल्या आणि 'ऑल ऑफ यू' तीनदा वाजले. अकरा दिवसांनी बासवादक स्कॉट लाफारो मोटार अपघातात गेला, म्हणून पहिली रेकॉर्ड निवडताना त्याचे काम पुढे येईल असे टेक घेतले गेले. दुसरी रेकॉर्ड उरलेल्यातून झाली. तुलना करायचीच असेल तर २००५ च्या तीन सीडींच्या संचातून 'ऑल ऑफ यू'चे तिन्ही टेक ओळीने लावा. त्याच संचात वीज गेल्यामुळे तुटलेला 'ग्लोरियाज स्टेप'चा पहिला टेकही आहे. भारनियमनाची सवय असलेल्यांना तो जवळचा वाटेल.

फोनच्या एकाच स्पीकरवर सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनची 'फ्री जॅझ' ऐकून 'नुसता गोंगाट' असा निकाल देणाऱ्यांसाठी एवढेच: २१ डिसेंबर १९६० च्या त्या मुद्रणात दोन चौकड्या एकाच वेळी वाजतात, एक डाव्या बाजूला आणि एक उजव्या. डावीकडे कोलमन, डॉन चेरी, लाफारो, बिली हिगिन्स. उजवीकडे फ्रेडी हबर्ड, एरिक डॉल्फी, चार्ली हेडन, एड ब्लॅकवेल. दोन्ही बाजू एकात मिसळल्या की आठ माणसांचा लगदा होतो. हेडफोन लावून आधी डावा कान, मग उजवा, मग दोन्ही असे ऐकावे. एवढे करूनही गोंगाट वाटला तर ते मत नोंदवायला हरकत नाही.

याच्या उलट पार्कर आणि आर्मस्ट्राँगच्या मोनो मुद्रणांवर १९६० च्या दशकात कंपन्यांनी नकली स्टिरिओ चढवला. एका बाजूला खर्ज जास्त, दुसरीकडे तार जास्त, वर थोडा घुमारा. वेष्टनावर 'स्टिरिओसाठी इलेक्ट्रॉनिक संस्कार' अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर असेल तर ती प्रत घेऊ नये. घेतलीच असेल तर अॅम्प्लिफायरचे मोनो बटण दाबावे, निदान दोन तुकडे एकत्र येतात. खऱ्या मोनो एलपीलाही तेच बटण उपयोगी. मोनो खाचेत संगीत आडव्या हालचालीत असते. उभ्या हालचालीतली खरखर बटणाने कटते.

दोन प्रतींची तुलना करताना सर्वांत जास्त फसवणूक होते ती आवाजाच्या पातळीने. एक डेसिबलने मोठी असलेली प्रत कानाला मोठी न वाटता 'अधिक जिवंत' वाटते, आणि नव्या रीमास्टर (जुन्या टेपवर नव्याने संस्कार केलेल्या) प्रती बहुतेक मोठ्याच असतात. म्हणून फोनवरचे ध्वनिमापक अॅप ऐकण्याच्या जागी ठेवून दोन्ही प्रतींचे तेच ३० सेकंद मोजावेत आणि फरक अर्ध्या डेसिबलच्या आत आणावा. प्रती तिसऱ्याने बदलाव्यात, ऐकणाऱ्यांनी पाठ करून बसावे. तुकडा दोन मिनिटांहून लांब नको, त्यापुढे कान पहिली प्रत विसरतात. मत प्रत्येकाने आधी कागदावर लिहावे, मग तोंड उघडावे, नाहीतर घरातल्या सर्वांत ज्येष्ठ श्रोत्याचे मत हेच सर्वांचे मत होते.

७८ च्या तबकड्यांसाठी सुई वेगळी. एलपीची सुई खाचेच्या तळाशी घासते आणि खरखरच वाचते. ७८ ला सुमारे ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते, मोनो एलपीला २५, स्टिरिओला १८ च्या आसपास. उलटी चूक, म्हणजे ७८ ची सुई एलपीवर, केली तर एलपी गेलीच म्हणून समजा. तबकडी लाखेची असते, तिला स्पिरिट लावू नये. सुतार पॉलिशसाठी लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो, हे लक्षात ठेवले की पुरे. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाकावेत, मऊ कापडाने खाचेच्या दिशेने पुसावे, लेबल कोरडे ठेवावे. पावसाळ्यात मुंबईत आणि कोकणात बोटांचा तेलकटपणा राहिला की तिथेच बुरशी धरते, तेव्हा तबकडी कडांनीच धरावी आणि उभी ठेवावी.

लुई आर्मस्ट्राँगची 'वेस्ट एंड ब्लूज', २८ जून १९२८, ओकेह कंपनी. कोणती प्रत चांगली, हे ट्रंपेटच्या सुरुवातीच्या ताना ऐकून ठरवू नये. त्या सगळ्याच प्रतींत टिकतात. अगदी शेवटचा, झटी सिंगलटनच्या हातातल्या छोट्या झांजेचा ठोका ऐकावा. खरखर काढण्याच्या हौसेत तो बोथट झाला असेल तर त्या प्रतीने अर्ल हाइन्सच्या पियानोची धारही नेलेली असते. रचनेची पट्टी काळी दोन, तिने वेग तपासता येतो. त्या काळी ७८ हा आकडा बराचसा नावापुरताच होता.

या सगळ्या यादीत मुंबईच्या तबकड्यांचे नाव कोणीच घेतले नाही, याचे वाईट वाटते. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिओन अॅबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड यांचे बँड वाजले. पुढे गोव्याच्या चिक चॉकलेटने आपल्या बँडच्या तबकड्या काढल्या. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त दिसणारा बँड त्याचाच. चोर बाजारात अशी तबकडी हाती आली तर लेबलावर तारीख शोधत बसू नये, ती नसते. लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक (मूळ मुद्रणाला कंपनीने दिलेला क्रमांक) तिरप्या उजेडात वाचून घ्यावा, त्यावरून काळ ठरतो.

तेव्हा एक विनंती. यापुढे या वादातली पत्रे छापताना प्रत्येक रेकॉर्डपुढे वादक, मुद्रणाची तारीख, कंपनी, टेक आणि हातातली प्रत कोणत्या सालची, एवढे असल्याशिवाय पत्र घेऊ नये. स्ट्रीमिंगवर दिसणारे साल अनेकदा पुनर्मुद्रणाचे असते, ते चालणार नाही. जागा कमी पडली तर आमची विशेषणे खुशाल कापा, तारखा मात्र राहू द्या.

आपला,
एक श्रोता, माहीम