प्रयोगशाळेतल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात प्रबंध जमा केला. ऋणनिर्देशात तुमचं नाव आहे, पण त्या एका ओळीत काय मावणार? म्हणून हे पत्र, सगळ्यांसमोर.

लॉरिक आम्लाची श्यानता, म्हणजे वितळल्यावर ते किती दाट वाहतं ते, मोजताना मी पंधरा दिवस अडकले होते, आठवतं? हे आम्ल 44 अंशांना वितळतं आणि वितळताना किलोमागे सुमारे 180 किलोज्यूल उष्णता पोटात घेतं. म्हणून तर उष्णता साठवायला ते निवडलं. पण टाकीतलं आम्ल किती लवकर वितळेल, हे आधी वितळलेला भाग किती मोकळा फिरतो यावर ठरतं, आणि श्यानतेचा आकडाच चुकला तर पुढचं सगळं गणित ओंफस. 50 अंशांना तो सात मिलिपास्कल-सेकंदांच्या आसपास यायला हवा. माझा बारा यायचा, कधी पंधरा. श्यानता मोजायच्या यंत्राची, ऱ्हिओमीटरची, चकती जितकी सावकाश फिरवावी तितका जास्त! मला वाटलं, काहीतरी नवीन सापडलं. शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा ठरवलं होतं.

तुम्ही चहाचा कप दाराबाहेर ठेवून आत आलात, मोबाइलचा टॉर्च ऱ्हिओमीटरच्या चकतीच्या काठावर धरलात आणि म्हणालात, "अगं, हे थिजतंय." काठाला दोऱ्याएवढी पांढरी कड धरली होती. खालची पाटी गरम, वरची चकती उघडी, आणि एसीचा झोत थेट तिच्यावर. "थंडीत खोबरेलाची बाटली कुठून थिजते? कडेनंच ना?" आणि गंमत म्हणजे खोबरेलात जवळजवळ निम्मं हेच आम्ल असतं.

मग तुम्ही मला आधी नुसतं पाणी मोजायला लावलंत. खरं सांगते, राग आला होता. 20 अंशांना पाण्याचा आकडा 1 यायलाच हवा, माझा 0.8 आला. दोन पाट्यांमधल्या अंतराचं शून्यच मी नीट लावलं नव्हतं! ते सुधारलं, झाकण बसवलं, चकतीसकट सगळं 60 अंशांवर तापू दिलं आणि वरून खाली उतरत मोजलं. 50 ला सात. वेग बदलला तरी आकडा जागचा हलेना.

शोधनिबंधाचं ते शीर्षक अर्थातच गेलं.

तुमचा टॉर्चवाला जुना मोबाइल बंद पडला असं कळलं. आणि लाडवांचा स्टीलचा डबा अजून माझ्याकडेच आहे. दिवाळीत येईन तेव्हा भरून आणते.

तुमची,
ऱ्हिओमीटर अडवून बसणारी